डिरेक्टरी सेवेच्या प्रशासनासाठी कार्यालयीन संदर्भ-पुस्तिका : कोयना परिसराच्या उदाहरणाने एक विवेचन

१. प्रस्तावना

एखाद्या संस्थेतील संगणक जाळ्याने परस्परांस जोडले गेले की दोन प्रश्न क्षणोक्षणी उपस्थित होतात. समोर आलेली व्यक्ती कोण आहे, हा पहिला. आणि तिला काय करण्याची मुभा आहे, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी नोंदवून ठेवणारी व मागताच पुरविणारी व्यवस्था म्हणजे डिरेक्टरी सेवा होय. बँका, विद्यापीठे, शासकीय कार्यालये, बंदरे, वीज कंपन्या अशा सर्व मोठ्या संस्थांचे दैनंदिन कामकाज आज या सेवेवर उभे आहे. सेवा सुरळीत असेपर्यंत तिचे अस्तित्व कोणाच्या लक्षात येत नाही. ती बंद पडली की मात्र ई-मेल, हजेरी, लेखा, भांडार, छपाईयंत्र अशी सर्व दारे एकाच वेळी बंद होतात.

ही सेवा सांभाळण्याचे काम बहुधा एक-दोन व्यक्तींकडे असते. कोणता सर्व्हर कोठे आहे, कोणता गट कशासाठी केला, बॅकअप कोठे ठेवला जातो, ही माहिती त्यांच्या स्मरणात असते. त्यांची बदली झाली, त्या निवृत्त झाल्या अथवा आजारी पडल्या की संस्थेजवळ यंत्रे राहतात, त्यांचे ज्ञान राहत नाही. या अडचणीवरील उपाय म्हणजे व्यवहारोपयोगी संदर्भ-पुस्तिका. सॉफ्टवेअर कंपन्यांचे ग्रंथ आणि बाजारातील मार्गदर्शक पुस्तके कितीही उत्तम असली तरी ती या पुस्तिकेची जागा घेऊ शकत नाहीत. पुस्तिका संस्थेने स्वतः, आणि ती न लिहिणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी कोयनानगर व परिसराचे उदाहरण घेतले आहे. तेथील संस्थांची रचना व भूगोल वास्तव आहेत. डिरेक्टरीची मांडणी मात्र स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली असून ती तेथील प्रत्यक्ष संगणक जाळ्याचे वर्णन नव्हे.

२. डिरेक्टरी सेवेची संकल्पना व विकास

डिरेक्टरी सेवेचा पाया १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर संमत झालेल्या 'एक्स. ५००' या मानकाने घातला. जगातील सर्व व्यक्ती व संस्था यांची एकच वृक्षाकार सूची असावी, अशी त्यामागील कल्पना होती. हे मानक सर्वसमावेशक, परंतु तत्कालीन लहान संगणकांना न पेलणारे होते. त्यावर तोडगा म्हणून टिम होज, स्टीव्ह किल व वेंगयिक योंग यांनी एक सुटसुटीत संदेश-पद्धती तयार केली. तिचा पहिला मसुदा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच 'एलडॅप' होय. तिची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली व २००६ मध्ये ती सुधारून नव्याने मांडण्यात आली. दरम्यान नॉव्हेल कंपनीने १९९३ मध्ये नेटवेअरच्या चौथ्या आवृत्तीबरोबर स्वतःची डिरेक्टरी आणली. १९९८ मध्ये 'ओपन-एलडॅप' हा मुक्त प्रकल्प सुरू झाला आणि २००० मध्ये विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' आली. कार्यालयीन जाळ्यांत आज प्रामुख्याने शेवटच्या दोन प्रणाली आढळतात.

डिरेक्टरीतील प्रत्येक नोंदीला एक पूर्ण नाव असते. ते टपालाच्या पत्त्याप्रमाणे आतून बाहेर जाते : आधी व्यक्ती, मग तिची शाखा, मग कार्यालय, शेवटी संस्था. नोंदीत कोणकोणते रकाने असावेत, हे 'स्कीमा' ठरवितो. रकान्यांचे नियम आधी ठरलेले असल्याने हजारो नोंदी एकाच साच्यात बसतात व शोध अल्पावधीत लागतो. नेहमीच्या डेटाबेसपेक्षा डिरेक्टरीत वाचन फार व लेखन थोडे होते, हे तिचे वैशिष्ट्य होय. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ही सूची ज्या सर्व्हरवर असते त्यास 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात. असे अनेक सर्व्हर असू शकतात. एकावर केलेला बदल इतरांकडे आपोआप पोहोचतो. या क्रियेस 'रेप्लिकेशन', म्हणजे प्रतिकृतीकरण, असे म्हणतात.

३. संदर्भसाहित्याचे प्रकार

या विषयावरील लेखन स्थूलमानाने तीन प्रकारचे आहे. पहिला प्रकार सिद्धान्त व रचना समजावून देणाऱ्या ग्रंथांचा. दुसरा प्रकार कृतिप्रधान पुस्तकांचा. रॉबी ॲलन यांचे ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरील 'कुकबुक' (२००३) हे याचे ठळक उदाहरण होय. त्यात प्रत्येक प्रकरण 'अडचण, उपाय, चर्चा' अशा क्रमाने मांडलेले आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले जेराल्ड कार्टर यांचे एलडॅप प्रशासनावरील पुस्तकही प्रशासकास प्रत्यक्ष कामात उपयोगी पडावे अशा बेताने लिहिलेले आहे. खिशात मावणाऱ्या आकाराच्या मार्गदर्शिकाही याच गटात येतात.

तिसरा प्रकार संस्थेच्या स्वतःच्या पुस्तिकेचा. पहिल्या दोन प्रकारांत सर्व संस्थांना समान असलेले ज्ञान असते; तिसऱ्यात एकाच संस्थेचे निर्णय असतात. डोमेन कंट्रोलर कसा उभारावा हे छापील पुस्तक सांगते. तो या कार्यालयात कोणत्या खोलीत आहे, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, तो बंद करण्यापूर्वी कोणास कळवावे, हे कोणतेही छापील पुस्तक सांगू शकत नाही.

अशा पुस्तिकेची परंपरा महाराष्ट्रास अपरिचित नाही. महसूल खात्यात 'अँडरसन मॅन्युअल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकेने गाव, तालुका व जिल्हा पातळीवरील दप्तराची घडी बसविली. गाव नमुना १ ते २१ यांत कोणती नोंद कोठे करावयाची, हे ठरलेले असल्यामुळे तलाठी बदलला तरी दप्तर वाचता येते. जमिनीच्या हक्कातील बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. तो प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर अंमल होतो. कोणता बदल, केव्हा, कशाच्या आधारे व कोणाच्या मान्यतेने झाला, हे मागाहून पाहता येते. डिरेक्टरी हे संस्थेतील अधिकारांचे दप्तरच होय. तिच्या पुस्तिकेतही नोंदीचा साचा व फेरफाराची शिस्त या दोन गोष्टी असाव्या लागतात.

४. कोयना परिसर : एक उदाहरण

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर येथे कोयना धरण आहे. धरणाचा जलाशय व पायथ्याचे वीजगृह घाटमाथ्याच्या पूर्वेस, तर प्रकल्पाची मोठी वीजगृहे सह्याद्रीच्या पश्चिमेस, रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यात पोफळी व अलोरे परिसरात आहेत. प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट असून दोन्ही बाजूंना जोडणारा रस्ता कुंभार्ली घाटातून जातो. धरण जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे. वीजनिर्मिती महानिर्मिती कंपनी करते. वीज वाहून नेण्याचे काम महापारेषणचे. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि एका मंडळाच्या जागी निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या आल्या.

अशा ठिकाणी डिरेक्टरी उभारावयाची झाल्यास तीन गोष्टी प्रथम ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली, एका परिसरात अनेक संस्था नांदतात. शेजारच्या इमारतीतील अभियंता दुसऱ्या संस्थेचा असू शकतो. त्यास जलाशयाची पातळी पाहण्याची मुभा हवी, परंतु वेतनपत्रके पाहण्याची नको. कोणत्या डिरेक्टरीने दुसऱ्या कोणत्या डिरेक्टरीवर, किती व कोणत्या कामापुरता विश्वास ठेवावा, हे लेखी असले पाहिजे. एखाद्या संस्थेचे विभाजन होते तेव्हा या विश्वासाच्या रेषा नव्याने आखाव्या लागतात. जुन्या रेषा पुसावयाच्या राहिल्या तर दोन स्वतंत्र संस्थांमध्ये कोणालाही ठाऊक नसलेली वाट शिल्लक राहते.

दुसरी, कार्यस्थळांमध्ये घाट आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. त्याच सुमारास, २२ जुलै रोजी, घाटाखालील चिपळूण शहर पुरात बुडाले. अशा वेळी रस्ता आणि दळणवळणाची तार दोन्ही तुटू शकतात. खालच्या वीजगृहातील कर्मचाऱ्याची ओळख पटविण्यासाठी वरच्या कार्यालयातील सर्व्हरची गरज पडत असेल, तर तार तुटताच तो आपल्याच संगणकासमोर परका ठरेल. म्हणून प्रत्येक मोठ्या स्थळी डिरेक्टरीची प्रत हवी. जेथे यंत्र सुरक्षित खोलीत ठेवता येत नाही, तेथे केवळ वाचता येणारी प्रत ठेवण्याची सोय विंडोज सर्व्हर २००८ पासून उपलब्ध आहे.

तिसरी, हा भूकंपप्रवण प्रदेश आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सुमारे १८० लोक मृत्युमुखी पडले आणि कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली. तेव्हापासून लहान-मोठे धक्के येथे बसतच आले आहेत. पुस्तिका कोणत्या परिस्थितीत उघडली जाईल, याचा विचार करताना हीच वेळ डोळ्यांसमोर ठेवणे योग्य. पहाटे, वीज नसताना, मुख्य प्रशासक गावात नसताना, कर्तव्यावर असलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यास ती वाचून पुढील कृती करता आली पाहिजे. पुस्तिकेची एक प्रत कागदावर असण्याची गरज येथे स्पष्ट होते. संगणकाच्या ज्या फोल्डरमध्ये पुस्तिका आहे, तो फोल्डर उघडण्यासाठी डिरेक्टरीच लागत असेल, तर ऐन प्रसंगी ती निरुपयोगी होय.

५. न्हावा शेवा, २०१७ : प्रतिकृती आणि बॅकअप यांतील भेद

डिरेक्टरी नष्ट झाल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने जवळून घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे निकामी केले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्या बंदर-शाखेशी संलग्न असल्याने तेथील संगणकीय कामकाजही ठप्प झाले. कंटेनरची ने-आण हाताने नोंदी करून सांभाळावी लागली.

मर्स्कजवळ जगभरात मिळून सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. एक बंद पडला तर दुसरा त्याचे काम करील, अशी योजना होती आणि ती नेहमीच्या बिघाडासाठी योग्यच होती. सर्व एकाच वेळी नष्ट होतील, ही शक्यता मात्र योजनेत नव्हती. इतर माहितीचे बॅकअप हाती होते, परंतु ती माहिती कोणी उघडावयाची हे सांगणारी डिरेक्टरी उरली नव्हती. शोधाअंती घाना देशातील कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर सुस्थितीत आढळला. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून सुटा राहिला होता. तेथून माहिती तारेने पाठविणे फार वेळखाऊ ठरले असते. म्हणून ती साठविलेली डिस्क नायजेरियामार्गे इंग्लंडला माणसांकरवी नेण्यात आली. त्यानंतर पुनर्बांधणीने वेग घेतला. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. प्रतिकृतीकरण चांगला बदल जितक्या निष्ठेने पोहोचविते तितक्याच निष्ठेने वाईट बदलही पोहोचविते. एका सर्व्हरवर चुकून पुसलेली शाखा थोड्याच वेळात सर्व सर्व्हरवरून नाहीशी होते. बॅकअप जाळ्यापासून सुटा असला पाहिजे. मर्स्कला तो योगायोगाने मिळाला. पुस्तिकेचे काम ही योगायोगाची बाब नियमाची करणे हे आहे.

६. पुस्तिकेचे आवश्यक घटक

*(अ) नकाशा व नामकरण.* पुस्तिकेचे पहिले पान जाळ्याच्या नकाशाचे असावे : कोणत्या स्थळी कोणता सर्व्हर, त्याचा पत्ता, त्याची भूमिका. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पाच विशेष भूमिका असतात. स्कीमा व डोमेन-नामकरण या दोन संपूर्ण समूहासाठी एकेकच. उरलेल्या तीन प्रत्येक डोमेनमध्ये एकेक. या भूमिका कोणत्या यंत्राकडे आहेत, हे न पाहता जुना सर्व्हर भंगारात काढणे ही नेहमी घडणारी चूक होय. भूमिका रीतसर हस्तांतरित करता येते. मूळ यंत्र कायमचे गेले असेल तरच ती बळाने दुसऱ्याकडे घ्यावी. बळाने घेतल्यानंतर मूळ यंत्र पुन्हा जाळ्यास जोडू नये, ही सूचना ठळक अक्षरांत असावी.

नामकरणात मराठी व्यवहाराची स्वतंत्र अडचण आहे. एकाच नाव-आडनावाच्या अनेक व्यक्ती एका कार्यालयात असू शकतात; रोमन लिपीत एकच आडनाव तीन प्रकारे लिहिले जाते; विवाहानंतर काहींचे नाव बदलते. नावावरून ओळख ठरविल्यास या प्रत्येक वेळी गोंधळ होतो. ओळख कर्मचारी क्रमांकावर आधारावी व नाव हा केवळ एक रकाना मानावा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना वेतनाच्या 'सेवार्थ' प्रणालीत स्वतंत्र क्रमांक असतोच. इतर संस्थांत सेवापुस्तकातील क्रमांक वापरता येईल.

*(आ) खात्याचा प्रवास.* रुजू होणे, बदली, अतिरिक्त कार्यभार, प्रदीर्घ रजा, निवृत्ती, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी खात्याचे काय करावयाचे, हे पुस्तिकेत असावे. अधिकार व्यक्तीस न देता पदाच्या गटास द्यावेत व व्यक्तीस त्या गटात घालावे, हे मूळ तत्त्व होय. शासकीय कार्यालयांत अतिरिक्त कार्यभाराची पद्धत सर्वत्र आढळते. एका अधिकाऱ्याकडे सहा महिने दुसऱ्या पदाचा भार येतो. त्यास त्या पदाचे अधिकार दिले जातात. भार गेल्यावर ते काढून घेण्याची आठवण कोणास राहत नाही. अशी पाच-सात वर्षे गेली की एका खात्यात साऱ्या कार्यालयाच्या किल्ल्या जमा होतात.

याचे परिणाम गंभीर असतात. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनिअल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद ठेवण्याची पाळी आली, तेव्हा हल्लेखोर दूरस्थ प्रवेशाच्या एका वापरात नसलेल्या, परंतु बंद न केलेल्या खात्यातून शिरले होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात कर्मचाऱ्यांचे चोरलेले संकेतशब्द वापरले गेले व सुमारे २,२५,००० ग्राहक काही तास अंधारात राहिले. दोन्ही ठिकाणी हल्लेखोर खऱ्या खात्यांच्या नावाने आत आले होते.

महाराष्ट्रात शासकीय बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. याचा लाभ घेऊन दर जून महिन्यात सर्व खात्यांची व गटांची तपासणी, असा नियम करता येईल. प्रभार हस्तांतरणाच्या नेहमीच्या पत्रकात 'संगणकीय खाती व अधिकार' अशी एक ओळ वाढविली, तर नवी यंत्रणा न उभारताही हे काम होईल.

*(इ) प्रतिकृतीकरण व घड्याळे.* ॲक्टिव्ह डिरेक्टरीत दोन स्थळांमधील प्रतिकृतीकरणाचा मूळ कालावधी १८० मिनिटांचा असतो. तो १५ मिनिटांपर्यंत कमी करता येतो. म्हणजे घाटमाथ्यावर बंद केलेले खाते घाटाखाली काही काळ चालू राहू शकते. शिवाय आधी मिळालेले कर्बेरॉस पद्धतीचे प्रवेशपत्र मूळ मांडणीत दहा तास टिकते. निलंबनासारख्या प्रसंगी ही बाब माहीत नसल्यास खोटा निर्धास्तपणा येतो. कर्बेरॉस पद्धतीत घड्याळांतील फरक पाच मिनिटांहून अधिक झाल्यास प्रवेश नाकारला जातो. 'संकेतशब्द बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही' या तक्रारीत घड्याळ आधी पाहावे, अशी सूचना पुस्तिकेत असावी.

*(ई) बॅकअप व पुनःस्थापना.* पुसलेल्या नोंदीची खूण डिरेक्टरी ठरावीक काळ जपून ठेवते. हा काळ आरंभी ६० दिवसांचा होता. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सुधारणा-संचापासून तो नव्या मांडणीत १८० दिवसांचा झाला. त्याहून जुना बॅकअप वापरण्याजोगा राहत नाही, कारण त्यातील पुसलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होऊन गोंधळ माजवितात. पुनःस्थापनेच्या स्थितीत सर्व्हर सुरू करण्यासाठी एक वेगळा संकेतशब्द लागतो. तो सर्व्हर उभारतानाच ठरविला जातो आणि पुढे अनेक वर्षे कोणास लागत नाही. लागतो तेव्हा तो आठवणारा माणूस कार्यालयात नसतो. ओपन-एलडॅपमध्ये 'स्लॅपकॅट' या आज्ञेने सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात काढता येतात व 'स्लॅपॲड'ने परत भरता येतात. कोणतीही प्रणाली असो, बॅकअपची खरी परीक्षा तो घेण्यात नसून परत बसविण्यात असते. वर्षातून किमान दोनदा वेगळ्या यंत्रावर ही परीक्षा घेऊन तिची तारीख, लागलेला वेळ व आलेल्या अडचणी पुस्तिकेत नोंदवाव्यात.

*(उ) आणीबाणी व कायदेशीर कर्तव्ये.* सर्व मार्ग बंद झाल्यास वापरावयाचे एक खाते असावे; त्याचा संकेतशब्द लाखबंद लिफाफ्यात, दोन अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने, तिजोरीत ठेवावा. डिरेक्टरीत शिरकाव झाल्याचे निश्चित झाल्यास प्रवेशपत्रांवर शिक्का उठविणाऱ्या मूळ खात्याचा संकेतशब्द दोनदा, मध्ये प्रवेशपत्राची मुदत उलटू देऊन, बदलावा लागतो. कारण ते खाते मागील संकेतशब्दही मान्य करते. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळविणे, नोंदी १८० दिवस जपणे व घड्याळे अधिकृत वेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सहा तासांत कोणी, कोणास व कोणत्या नमुन्यात कळवावयाचे, हे घटना घडल्यावर शोधत बसता येत नाही.

७. नोंद लिहिण्याची रीत

पुस्तिकेतील प्रत्येक नोंद एका पानावर मावावी व तिचा साचा एकच असावा. नमुन्यादाखल बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या खात्याविषयीची नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

प्रसंग : कर्मचारी एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी बदलून गेला आहे.
आधार : बदली आदेश व प्रभार हस्तांतरण पत्रक. तोंडी सूचनेवर कृती करू नये.
कृती : (१) सध्या तो कोणकोणत्या गटांत आहे, याची यादी छापून पत्रकास जोडावी. (२) जुन्या पदाच्या सर्व गटांतून नाव काढावे. (३) खाते नव्या कार्यालयाच्या शाखेत हलवावे. नवे खाते उघडू नये. (४) नव्या पदाच्या गटात नाव घालावे. (५) बदल दुसऱ्या स्थळी त्वरित पाठवावा.
पडताळणी : दोन्ही स्थळांच्या सर्व्हरवर गटांची यादी पाहावी. कर्मचाऱ्यास बाहेर पडून पुन्हा प्रवेश करण्यास सांगावे. जुने अधिकार चालू असलेल्या सत्रात टिकून राहतात.
माघार : चूक आढळल्यास पहिल्या कृतीतील यादीवरून पूर्वस्थिती आणावी.
नोंद : फेरफार वहीत दिनांक, आदेश क्रमांक व करणाऱ्याची स्वाक्षरी.

या साच्यातील 'पडताळणी' व 'माघार' हे दोन भाग बाजारातील पुस्तकांत बहुधा त्रोटक असतात. कार्यालयात त्यांचीच गरज अधिक भासते. कृती पूर्ण झाली हे कशावरून ओळखावे आणि चुकल्यास परत कसे यावे, हे ठाऊक असलेला कनिष्ठ कर्मचारीही धीराने काम करू शकतो.

भाषेविषयीही विचार व्हावा. आज्ञा व पडद्यावर दिसणारे शब्द जसेच्या तसे द्यावेत. त्यांचे भाषांतर केल्यास पडद्यावर ते सापडणार नाहीत. कारणे, इशारे व निर्णय मात्र वाचणाऱ्याच्या भाषेत, म्हणजे मराठीत, असावेत. घाईच्या वेळी मनुष्य अपरिचित भाषेतील वाक्य अर्धे वाचून कृती करतो.

पुस्तिका तयार झाल्यावर तिची परीक्षा लेखकाने घेऊ नये. ज्याने ती लिहिली नाही अशा कर्मचाऱ्यास एक नोंद देऊन प्रयोगाच्या यंत्रावर कृती करण्यास सांगावे व लेखकाने मौन पाळावे. तो जेथे अडखळेल तेथे पुस्तिका अपुरी आहे, असे समजावे.

८. मर्यादा

पुस्तिकेचे काही धोकेही आहेत. जाळ्याचा संपूर्ण नकाशा तिच्यात असल्याने ती चुकीच्या हाती पडल्यास शत्रूस आयती वाटाडी मिळते. म्हणून तिच्या प्रती मोजक्या, क्रमांकित व स्वाक्षरी घेऊन दिलेल्या असाव्यात. संकेतशब्द तिच्यात कदापि लिहू नयेत, ते कोठे आहेत एवढेच लिहावे. दुसरा धोका शिळेपणाचा. तीन वर्षांपूर्वीचा नकाशा पुस्तिका नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो, कारण तो विश्वासाने वाचला जातो. प्रत्येक पानावर शेवटच्या पडताळणीचा दिनांक असावा व ठरावीक मुदत उलटलेले पान शंकास्पद मानावे. तिसरी मर्यादा अशी की, पुस्तिका विचाराची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात नसलेला प्रसंग उद्भवल्यास थांबून कोणास विचारावे, हेही तिने सांगितले पाहिजे.

९. समारोप

डिरेक्टरी सेवा ही संस्थेच्या अधिकारव्यवस्थेची संगणकीय नोंदवही आहे. तिचे तंत्र आंतरराष्ट्रीय असले तरी तिच्यातील निर्णय स्थानिक असतात. कोणत्या पदास कोणती मुभा, घाटाच्या दोन्ही बाजूंस किती प्रती, शेजारच्या संस्थेवर किती विश्वास, ही उत्तरे कोणत्याही कंपनीच्या ग्रंथात मिळणार नाहीत. न्हावा शेवाच्या अनुभवाने दाखविल्याप्रमाणे डिरेक्टरीचा सुटा बॅकअप नसणे हा साऱ्या संस्थेचा प्रश्न होतो. आणि अतिरिक्त कार्यभारासारख्या नित्याच्या बाबींतून साचलेले अधिकार हा तितकाच खरा, परंतु न दिसणारा धोका आहे.

कोयनेसारख्या भूकंपप्रवण व दुर्गम परिसरातील संस्थांनी, तसेच ग्रामीण भागातील महाविद्यालये, सहकारी बँका व साखर कारखाने यांनीही, याचा आरंभ लहान प्रमाणात करणे शक्य आहे. जाळ्याचा नकाशा, विशेष भूमिकांची यादी, बॅकअप परत बसविण्याची रीत, बदलीच्या वेळची कृती आणि आणीबाणीत संपर्क करावयाच्या व्यक्ती, ही पाच पाने प्रथम लिहावीत व कागदावर काढून तिजोरीत ठेवावीत. उरलेली पुस्तिका कामाच्या ओघात, प्रत्येक नव्या अडचणीबरोबर एक पान याप्रमाणे, वाढविता येईल.